गोळीची चौकट

४ मार्च, सोमवार

टिटवीने आज माझ्या फोनवर चौकट बसवून दिली. टिटवी म्हणजे माझी नात. फोनमधली अ‍ॅपं बनवते आणि तोंड मिटत नाही, म्हणून टिटवी. ह्यांच्या गोळीची वेळ झाली की पडद्यावर चौकट उघडणार आणि विचारणार, गोळी दिली का? खाली दोन बटणं — "ओके" आणि "कॅन्सल". म्हटलं, ओके म्हणजे दिली की देते? आणि कॅन्सल कोण, गोळी की नवरा? हसत सुटली. म्हणाली, "तयार मिळते तशीच टाकली गं. बदलते."

तयार कपडा अंगाला बसत नाही, हे शिंप्याच्या नातीला सांगावं लागतं.

५ मार्च

बटणं बदलली. "दिली" आणि "नाही दिली". अक्षरं ठसठशीत. चौकट आली की मागचं सगळं अंधारतं, तेही बरं. हे खुर्चीतून वाकून बघत होते. आजारपणापासून ह्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही. पण म्हणाले, "कोपरे टोचतात. कॉलर गोल कापतात तसे काप." टिटवीने तिथल्या तिथे कापले. ह्यांनी मान डोलावली. किती दिवसांनी!

७ मार्च

फडक्याने फोन पुसत होते, तेवढ्यात चौकट आली आणि गेली. बाहेर बोट लागलं की मिटते म्हणे. टिटवी म्हणाली, "आजी, ते बंद करते. आता बटण दाबल्याशिवाय हलणारच नाही."

१० मार्च, रविवार

हललीच नाही मेली. दूध उतू चाललेलं, दाराची बेल वाजतेय, आणि ही पडद्यावर ठाण मांडून. गप्प बस म्हणून "दिली" दाबलं. दूध उतरवलं, दार उघडलं, गोळी राहिली ती राहिलीच. संध्याकाळी ह्यांना घेरी आली. न्हाणीच्या दारातच बसले. डॉक्टर येऊन गेले. गोळी बशीत तशीच.

मुलगा म्हणाला, "आई, आता बाई ठेवू."

"ह्या वयात ह्यांना बाई ठेवतोस?"

कोणी हसलं नाही. म्हणाला, "औषधपाण्याला गं. महिनाभर बघू. परत चुकलं तर बाई."

बेचाळीस वर्षं ह्यांचं मी करतेय. कोण कुठली येऊन काय करणार?

नंतर टिटवी जवळ येऊन म्हणाली, "चूक माझी आहे. घाईतल्या माणसाला मी दोनच बटणं दिली." डोळ्यांत पाणी. म्हटलं, आधी तिसरं बटण कर, मग रड.

११ मार्च

तिसरं बटण झालं. "थांब, येते." दाबलं की चौकट जाते, पाच मिनिटांनी परत हजर. शिवाय कधीही फोन उघडून बघितलं तर शेवटची गोळी किती वाजता दिली ते सांगते. पोरगी हुशार आहे. तोंडावर सांगणार नाही, आधीच बडबड कमी आहे का?

२५ मार्च

पंधरा दिवस, एक चूक नाही. मुलगा चौकटीचं कौतुक करतो. माझं केलं तर जीभ झिजेल.

२ एप्रिल, मंगळवार

साडेनऊला गोळी आणि पाणी घेऊन ह्यांच्यापुढे उभी. ह्यांनी हात पुढे केला. हे काय, द्याल ते घेतात. आज चौकट आलीच कशी नाही म्हणून फोन उघडला, भांडायलाच. तर म्हणते, आजची गोळी आठ वाजून दहा मिनिटांनी दिली.

साफ खोटं. टिटवीला फोन लावून झापलं. ती हळूच म्हणाली, "आजी, पाकिटातल्या गोळ्या मोज ना."

पाकीट रविवारी उघडलेलं. रविवार, सोमवार — दोन जायला हव्यात. तीन गेल्या होत्या, आणि चौथी माझ्या मुठीत. खूप वेळ आठवून बघितलं. आठ वाजून दहाचं काही म्हणजे काही आठवलं नाही.

३ एप्रिल

मुलाला मीच सांगितलं, बाई बघ. टिटवी भांडली, "पण आजी, चौकटीने अडवलं ना? चूक झालीच नाही!" मग माझ्याकडे बघितलं आणि भांडायची थांबली. आता येणाऱ्या बाईच्या फोनसाठी चौकटी बनवतेय. एक ह्यांची. एक माझी.