जाणाऱ्यांचा डबा

अल ऐन, १० मार्च २००९

शेजारच्या शिल्पाने संध्याकाळी जेवणाचा डबा आणून दिला.

सत्त्याहत्तरला मी आले तेव्हा इथे दुसरं मराठी घर नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही दोघं कोरडा खुबूस, इथली अरबी रोटी, खाऊन झोपलो. म्हणून नंतर आलेल्या प्रत्येक घराला पहिला डबा मीच दिला. आता मंदीत माणसं परत चाललीत. निघण्याआधी गॅस सिलिंडर परत केलेल्यांना शेवटचा डबाही मीच देते.

आणि आज डबा मला?

"काकू, पॅकिंगच्या गडबडीत कुठे स्वयंपाक करणार?" शिल्पा म्हणाली.

कसलं पॅकिंग? मी ह्यांच्याकडे पाहिलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "व्हिसा कॅन्सल होतोय. तुला सांगणारच होतो."

कधी? सगळ्या बिल्डिंगला सांगून झाल्यावर?

डबा ओट्यावर तसाच आहे, निवून गेला. मी उघडणार नाही. खिचडी टाकलीय. माझा गॅस अजून चालू आहे.