आईने काय काय सोडलं

राळेगाव,
४ फेब्रुवारी २०२६

चि. निकी हिस,

ताईचे अनेक आशीर्वाद. राजदीपना जय भीम सांग आणि धम्मूच्या दोन्ही गालांवर माझ्या नावाने एकेक पापा दे. इकडे सगळं ठीक आहे. थंडी ओसरत आली. तूर घरात येऊन पडली आहे, अजून चाळायची आहे. शाळेत दहावीच्या सराव परीक्षा चालू आहेत, त्यामुळे पेपर तपासून माझी मान अवघडलेली असते. राजूरला कोळशाची धूळ कशी आहे? मागे आले होते तेव्हा तुझ्या दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत काळपट झाले होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी ‘आई’ म्हटलं की तू म्हणतेस, “ताई, कुकर लावलाय, नंतर बोलते.” तुझा कुकर नेहमी आईचं नाव निघाल्यावरच कसा शिट्टी देतो, हे मी कधी विचारलं नाही. पत्राला मध्येच थांबवता येत नाही. फार तर फाडून टाकशील, पण तोवर अर्धं वाचून झालेलं असेल.

वर ‘सगळं ठीक आहे’ लिहिलं ते हाताच्या सवयीने. संक्रांत झाल्यावर आई अंगणातल्या नळाजवळ पडली. पाय घसरला नाही. पायांत जीवच नव्हता. हाड मोडलं नाही, पण उठता येईना, आणि छातीत धडधड. गेले काही महिने ती म्हणायची, पोटऱ्यांत गोळे येतात, हात गळल्यासारखे वाटतात. मी म्हणायचे, वय झालं. यवतमाळला नेलं. ठोके अनियमित पडत होते. रक्त तपासलं तर पोटॅशियम फार खाली गेलेलं. चार-पाच दिवस ठेवून घेतलं, सलाईन दिलं, मग घरी आणलं.

तुला कळवलं नाही. आईने बजावलं होतं, पण ते कारण नाही. तू नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवशील, याची मला भीती वाटली.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, पायांवरची सूज उतरावी म्हणून आई ती पाणी काढायची गोळी घेते ना, तिच्याबरोबर शरीरातलं पोटॅशियमही निघून जातं. जेवणातून भरपूर आत येत असेल तर माणसाचं निभतं. यांच्या जेवणात ते येतच नाही. त्यांनी गोळी बदलली, एक औषध दिलं (पाण्यात घालून घ्यायचं, आई म्हणते मोरचूद बरा), आणि मूत्रपिंड चांगलं आहे याची खात्री करून म्हणाल्या, “औषध काही दिवसच. बाकी सगळं ताटातून. महागाचं काही लागत नाही.”

महागाचं खरंच काही लागत नाही, निकी. वरण, पालक, चवळी, टमाटे, दही, केळ, रताळं, आलू, संत्रं. आपल्या मंगळवारच्या बाजारात हे सगळं एका पिशवीत मावतं. त्या एका पिशवीपुढे मी हरले आहे.

आईचं ताट तुला आठवतं. भाकर, मिरचीचा ठेचा, लोणचं, पापड. वरण करते, पण वरचं पाणी घेते आणि डाळ माझ्या वाटीत ढकलते. पालेभाजी आधी उकडून ते हिरवं पाणी मोरीत ओतते. ते पाणी टाकू नको, त्यातच सगळं असतं, असं सांगितलं तर म्हणते, “कडू पाणी का तू पेशीन?” पालक म्हटलं की मुतखडा होतो. चवळी म्हटलं की वात धरतो. दही थंडीत नको आणि उन्हाळ्यात आंबट. शहाळं आणलं तर दोन घोट पिऊन मला म्हणाली, “तू शाळेतून दमून येतं, तूच पे.” मी चिडून म्हटलं, “माझं पोटॅशियम चांगलं आहे.” तर म्हणते, “मंग चांगलंच राहू दे.”

हसू नकोस. मला हसू येत नाही आता. रोज तिच्यासमोर वाटी ठेवायची, रोज ती वाटी तशीच उचलायची. मोठ्या माणसाला भरवताही येत नाही आणि सोडूनही देता येत नाही.

पण हे एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, केळ खाता?” आई म्हणाली, “केळ मी गयेले सोडलं.” ते मला ठाऊक होतं. बाबा गेल्यावर ती गयेला गेली, तिथे प्रत्येकाला एक आवडतं फळ जन्माचं सोडावं लागतं, तिने बाबांच्या नावाने केळ सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ठीक आहे, रताळं खा.” आई म्हणाली, “ते बी नाही.” आलू? “नाही.” संत्रं तरी? आई खिडकीकडे बघायला लागली.

मी मध्येच बोलले, “आई, आलूने तुझे गुडघे धरतात, ती गोष्ट वेगळी. पण संत्र्याने काय होतं?” शेजारच्या बसंतीबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना कुठे थांबायचं हे कधी कळलं नाही. म्हणाल्या, “गुडघे कायचे धरते वो मॅडम. रताळं अन् आलू तिनं निकीसाठी सोडलं, अन् संत्रं त्या पोट्ट्यासाठी. देवीपुढं माझ्यासमोरच सोडलं. बोलाचं नसते म्हणून बोलली नाही.”

आई म्हणाली, “बसंते, तुह्या तोंडाले कुलूप लाव.” बसंतीबाई म्हणाल्या, “कुलूप लावलं असतं त तू मेली असती.”

तर ते असं आहे. तू राजदीपशी लग्न करून गेलीस त्या आठवड्यात आईने तुझ्या आवडीची दोन्ही सोडली. निकी या घरी बसून जेवत नाही तोवर रताळं नाही आणि आलू नाही. पुढे धम्मू वेळेआधी झाला, काचेच्या पेटीत होता, तेव्हा मी रात्रंदिवस तुला फोन करायचे आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलायचे. ती भांडी घासत राहायची. त्याच दिवसांत तिने संत्रं सोडलं, ते पोर तिच्या मांडीवर येईपर्यंत. पोर वाचलं, पण मांडीवर आलं नाही, म्हणून संत्रं सुटलेलंच राहिलं.

मला राग आला, निकी. गहिवरून वगैरे आलं नाही. ज्या बाईने दारात उभं राहून तुला सांगितलं, “आता या घरी जेवाले येऊ नको,” त्याच बाईने तू या घरी जेवावंस म्हणून स्वतःचं जेवण सोडलं. ते शब्द तिचेच होते. कोणी तिच्या तोंडी घातले नव्हते. बाबा तर तेव्हा नव्हतेही. राजदीप पायरीखाली चपला घालून उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं. ते मी विसरलेले नाही, आणि तू विसरावंस असंही म्हणणार नाही. पण शब्द मागे घ्यायला एक फोन लागला असता. तिने त्याऐवजी रताळं सोडलं, आलू सोडला, संत्रं सोडलं, गुपचूप, आणि वर मला सांगितलं की गुडघे धरतात. मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळत राहिले.

मागच्या आठवड्यात मी आलू किसून पराठ्यात घातला. जिरं, कोथिंबीर, भरपूर तिखट, काही कळू नये असा. पहिल्याच घासाला तिने ताट बाजूला केलं. चूळ भरली आणि त्या दिवशी पुढे काहीच खाल्लं नाही, प्रायश्चित्त म्हणून. औषधसुद्धा उपाशी पोटी घ्यायचं नाही म्हणून घेतलं नाही. मी पोटॅशियम पोटात घालायला गेले आणि होतं तेही घालवून बसले.

संध्याकाळी मी तिच्यासमोर बसले आणि जे मला दवाखान्यापासून विचारायचं होतं ते विचारलं. बाबांसाठी केळ. निकीसाठी रताळं. तिच्या पोरासाठी संत्रं. मी आर्णीचं सासर सोडून एका बॅगेनिशी परत आले, कोर्टकचेरी झाली, लोक काय काय बोलले. तेव्हा माझ्यासाठी तू काय सोडलं होतंस?

ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुह्यासाठी कायले सोडू? तू त इथंच हायेस.”

मी उठून दिवा लावला.

५ फेब्रुवारी

काल इथवर लिहून झोपले. सकाळी चहा घेताना कागद टेबलावर होता. आईला अक्षर दिसत नाही, पण माणूस कोणाला लिहितं ते तिला बरोबर कळतं.

“कोणाले लिहून राह्यली?”

“निकीला.”

ती उठून परसात गेली. तुला परसातला तो रताळ्याचा वेल माहीत आहे. तू गेल्यावरही ती दर पावसाळ्यात तो लावते. खणते, लेकुरवाळ्या बायांना वाटून टाकते, एकही घरात शिजत नाही. मला वाटायचं, जुनी सवय. आता वाटतं, ती दरवर्षी वाट बघून खणायची आणि मग वाटून टाकायची. या वेळी महाशिवरात्र आली म्हणून सगळ्या गल्लीने मागितली तरी तिने चार मोठी, लाल सालीची, फळीवर ठेवली आहेत, मातीसकट. माती पुसली की टिकत नाहीत.

परत येऊन दारातच उभी राहिली. म्हणाली, “त्या पोट्ट्याले चालते का रताळं?”

मी म्हटलं, “अडीच वर्षांचा आहे. दात आहेत त्याला. फोटो दाखवला होता.”

“माह्याजवळ तवा चष्मा नव्हता.”

चष्मा तिच्या कपाळावर होता तेव्हा. ती पुन्हा म्हणाली, “अन् राजदीपले तिखट चालते का?”

निकी, एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं. ‘तो’ नाही, ‘तिचा’ नाही. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “आई, मग लिहू का, आईने बोलावलंय म्हणून?”

तर म्हणते, “मी कायले बोलवू? तिचं घर हाये. घरच्या माणसाले का बोलावणं धाडा लागते?”

मी शब्दन् शब्द जसाच्या तसा लिहिला आहे. यात एक अक्षर माझं नाही. ही माफी नाही, मला समजतं. मीही तिच्याकडून माफी काढू शकले नाही. जिच्या पोटात पालक घालू शकले नाही तिच्या तोंडून माफी काय काढणार. आधी आईने माफी मागावी, ही तुझी मागणी अजिबात मोठी नाही. ती तुला मिळायला हवी होती, आणि राजदीपना तुझ्याआधी. मी फक्त एवढं सांगते की डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायला सांगितलं आहे, आणि माझ्या वाटीने त्यात काही फरक पडेल असं मला वाटत नाही. आईचा हट्ट तुझ्या हातात आहे. हे तुझ्यावर ओझं टाकणं आहे, आणि अन्यायाचंही आहे. दुसरा रस्ता असता तर मी तोच धरला असता.

यायचं ठरवलंस तर पंधरा तारखेच्या रविवारी येऊ नकोस. त्या दिवशी महाशिवरात्र आहे, आईचा उपास असेल, आणि उपासाच्या नावाखाली ती पंगतीतून निसटेल. तिला मी ओळखते. त्याच्या पुढच्या रविवारी या. तिघेही या. राजदीप आले नाहीत तर तूही येऊ नकोस, हे मी मनापासून लिहिते. ताटं एका ओळीत मांडली जातील, चारही सारखी, आणि धम्मू आईच्या मांडीवर. ताट वेगळं, पेला वेगळा, जागा अंगणात, असलं काही जरा जरी दिसलं तर मी माझं ताट उलटं करीन आणि तुमच्याबरोबर राजूरच्या रस्त्याला लागेन. आईला हे आज सकाळीच सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, “लय बोलतं तू.” नाही म्हणाली नाही.

आलू मी सालीसकट करीन. पालकाचं पाणी वरणात घालीन. संत्री मंगळवारच्या बाजारातून आणीन, आंबट निघाली तर निघाली. केळ राहू दे. ते बाबांचं आहे, त्यात आपण दोघींनी पडायचं नाही.

आणि आला नाहीत तर मी तुला बोल लावणार नाही. फोन करीन, तू कुकर लावशील, आणि मी रोज तिच्यासमोर वाटी ठेवत राहीन.

धम्मूला सांग, रताळं चुलीत भाजल्यावर साल त्यानेच काढायची. बोटं काळी होतात, पण घर धुपासारखं दरवळतं. तुला आवडायचं.

तुझी, जिच्यासाठी काही सोडावं लागलं नाही अशी,
इथंच असलेली,
ताई