दौलतची दहा बटणं

सोमवार, २ फेब्रुवारी १९८७
सापडलं! महिनाभर ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसते बाण नि कंस उमटत होते. पुस्तकात होतं — मशीन सुरू होताना जी फाइल वाचतं, तिच्यात ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमची एक ओळ घालायची. घातली. पडदा लख्ख!
शेठ म्हणाले, "बरं झालं, कमलबाई." एवढंच. घरी येऊन सांगायचं कोणाला? संपात अण्णांची गिरणी गेली, आई-अण्णा देवगडला गेले. लालबागच्या खोलीत मी एकटी. म्हणून इथे लिहिलं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
माझ्याबरोबर पावत्या टाइप करायला दौलत असतो. उजव्या हाताची चार बोटं गिरणीत गेली. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधतो. पत्ते मात्र रोज तेच ते.
आज वाचलं — तोच ड्रायव्हर बटणांचं कामही बदलतो! कीबोर्डच्या डाव्या कडेला दहा बटणं आहेत, एफ-वन ते एफ-टेन. त्यांच्यावर दहा गिऱ्हाइकांचे पत्ते बसवले. ड्रायव्हरला जागा थोडी, छाटून छाटून मावले. एफ-वन दाबलं की भिवंडीचा अख्खा पत्ता.
दौलत खुर्चीतून उठलाच! "बाई, परत दाबू?"
दाबतच राहिला.

बुधवार, ११ फेब्रुवारी
डबा एकत्र खाल्ला. त्याच्या आईच्या हातचे बांगडे, तिरफळं घातलेले. नायगावला बीडीडी चाळीत तिघे भाऊ एकत्र राहतात म्हणे. मी किती बोलले! ड्रायव्हरची ओळ कुठे नि कशी घालायची, तेही त्याला मशीनवर दाखवलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
तो रजेवर. दिवसभर कोणाशी बोलले नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी
शेठ म्हणाले, "दौलत आता तुमच्याइतक्याच पावत्या काढतो. एका मशीनला दोन माणसं कशाला?"
शनिवारी दोघांनी एकेक तास टाइप करायचं. ज्याच्या पावत्या कमी, तो घरी.
अण्णांना गिरणीत दोनाऐवजी चार माग चालवा म्हणाले होते, तेव्हा अण्णा केवढे भांडले होते! इथे बटणं बसवून मीच हे करून ठेवलं.
नोकरी गेली की खोली सोडायची. देवगडला तरी काय आहे? तिकडची चूल माझ्या पगारावरच चालते.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी
दौलत चहाला खाली गेला होता. मी ती ओळ पुसली. उद्या मशीन सुरू होईल ते ड्रायव्हरशिवाय.
त्याची बटणं जातील, तशी माझीही. दोघांना सारखंच.
सारखंच! मला दहा बोटं आहेत.

शनिवार, २८ फेब्रुवारी
माझ्या बेचाळीस. त्याच्या सतरा.
पडद्यावर पुन्हा बाण नि कंस. शेठना त्यातलं काय कळतंय! दौलतने त्या दहा बटणांकडे हातसुद्धा नेला नाही. मान खाली घालून एकेक अक्षर दाबत होता.
"आज काय झालं रे तुला?" शेठनी विचारलं.
"हात अवघडलाय."
माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

सोमवार, २ मार्च
दौलत कागदांवर सही करायला आला होता. जाताना माझ्या टेबलाशी थांबला. हळूच म्हणाला, "शनिवारी सकाळी मशीन मीच चालू केलं, बाई. ओळ नाही, हे तेव्हाच बघितलं. परत घालता येत होती मला. तुमची एवढी अडचण आहे, हे आधी बोलायचं होतंत."