मधलीला समोर बसून सांग

धाकट्या, तुला आणि आपल्या मधलीला ताईचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर मिळतं. वर्गातल्या पोरी मला आजी म्हणतात आणि परीक्षेच्या आधी माझ्याच वह्या पळवतात. तुझा खोकला गेला का रे?

परवा आम्हाला विद्यापीठाच्या विशेष शाळेत नेलं होतं. एका चिमुरडीनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. मी सवयीनं म्हणाले, "आगाऊ कुठली!"

तिथल्या बाई म्हणाल्या, "आगाऊ नाही हो. तिला कमी ऐकू येतं. ओठ बघून समजून घेते."

आपली मधली लहानपणी अगदी असंच करायची. आई तिच्या हातावर चापट मारायची. मी पाठमोरी बसून भांडी घासत तिला पाढे सांगायचे आणि ती गप्प. मीच बाबांना म्हटलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. घरात शिकलेली काय ती मी, म्हणून त्यांनी ऐकलं आणि तिचं शाळेतून नाव काढलं.

पुढे तिनं हनुवटी धरणं सोडलं, तेव्हा आपण म्हणालो, सुधारली बाई एकदाची.

तिचे कान तपासून घे. पण त्याआधी उजेडात तिच्यासमोर बस आणि सावकाश सांग, ताई चुकली. मी येईपर्यंत थांबू नकोस. ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळव. रागावली, तर तेही गाळू नकोस.

तुम्हा दोघांची,
ताई