ओल्या रंगावर भुसा

प्रिय दादा,

आज तुझा दहावा झाला. सकाळपासून ओसरीवर माणसं येऊन बसतात, पाणी पितात आणि एकच वाक्य बोलून उठतात. "नारायण देवमाणूस होता." बसस्टँडसमोर सवारी कोणाच्या गाडीत बसणार यावरून झालेल्या भांडणात ज्याने तुझ्या डोक्यात लोखंडी सळई घातली, त्याला सगळे शिव्या देतात. मीही दिल्या. पण मला काही बोलायचं आहे आणि ते या माणसांत बोलता येत नाही. म्हणून तुलाच लिहिते.

ती जीप आठवते ना तुला? लिलावातून आणलेली, पत्रा जागोजागी गंजलेला. खामगाव–जळगाव जामोद भाड्याने चालवायची म्हणून तू किती खुशीत होतास! गॅरेजवाल्याकडे न नेता आपल्याच अंगणात तू तिला हिरवा रंग मारलास. हाताने दाबायच्या पिचकारीतून, श्वास रोखून. मग रंग वाळेपर्यंत चहा प्यायला गेलास.

मी मागच्या अंगाला तूर पाखडत होते. वारा फिरला. सुपातला भुसा उडाला तो थेट तुझ्या ओल्या बॉनेटवर. मला कळलंसुद्धा नाही.

तू आलास आणि ओरडलास, "तुहे डोये फुटले काय वो?"

"मले काय माहीत वारा फिरन म्हणून?" मी म्हणाले. एवढंच म्हणाले ना रे?

तू माझी वेणी मनगटाला गुंडाळलीस. फरफटत नेलंस. "पाह्य! जवळून पाह्य!" म्हणत माझं तोंड त्या रंगात दाबलंस. नाकात रंग, ओठांत रंग, पापण्या चिकटलेल्या. मी श्वास घ्यायला तोंड उघडलं तर जिभेवर रंग. माय दारात उभी राहून किंचाळत होती, "सोड रे तिले, मरन न ते!" तू सोडलं नाहीस. पुन्हा आपटलंस. माझा दात ओठात घुसला.

माझा हात चाचपडत मडगार्डवर गेला. तिथे चाकाचा पाना होता. मला दिसत नव्हतं, दादा. मी नुसता फिरवला. तो तुझ्या बॉनेटवर टेकवलेल्या उजव्या हातावर बसला. हाडाचा आवाज मला ऐकू आला. तुझी दोन बोटं मोडली.

तू बरगडीत लाथ घातलीस. मी पडले, पण पाना सोडला नाही. तशीच उठले. "ये आता अंगावर. डोकसंच फोडतो तुहं!" मी म्हणाले, आणि मी ते केलं असतं. तुला ते दिसलं असणार, कारण तू मागे सरलास. लहानपणापासून पहिल्यांदाच.

रॉकेलने माझं तोंड पुसताना मायनेही मला एक ठेवून दिली. "भावावर हात उचलतं?" माझा ओठ फाटला होता, तरी तिला तुझी बोटंच दिसली!

हाडवैद्याने तुझा हात कामट्यांत बांधला. जीप तशीच उभी. रंग कडक वाळला होता आणि त्यात भुसा, धूळ, माझे केस आणि माझ्या नाकाहनुवटीचा ठसा. एका हाताने तुला काहीच जमेना. शेवटी तू खाटेवरून म्हणालास, "तूच केलं ना? मंग तूच घास."

"घासतो," मी म्हणाले. "पण वेणीले पुन्हा हात लावशीन तं दुसराही हात मोडीन."

तू बांधलेला हात पोटाशी ओढून घेतलास.

पॉलिशपेपर लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. "गोल नको घासू, लांब हात घे," तू खाटेवरून ओरडायचास. आत रुतलेली टरफलं सुईने उकरून काढली. बोट फिरवून पाहायचं, खडा लागला की पुन्हा पाणी, पुन्हा कागद. माझा स्वतःचा ठसा मी घासून काढत होते आणि बरगडी प्रत्येक हाताला ठणकत होती. मग अंगण शिंपून धूळ बसवली, जीपभोवती मायची ओली लुगडी बांधली आणि रंगाचा दुसरा थरही मीच मारला. एक कण बसला नाही! डाव्या हाताने चाचपून तू म्हणालास, "बरं झालं."

माफी नाही. पण त्या दिवसानंतर तू माझ्यावर हात टाकला नाहीस. लग्न होऊन मी जळगाव जामोदला गेले, तिथे सगळ्यांना सांगायची, माझा दादा बदलला.

तू गेलास त्या दिवशी वहिनीच्या बांगड्या फोडायला बायका बसल्या. तिचा हात मी धरला होता. बांगड्या गेल्या आणि खालचं मनगट दिसलं. वाकडं जुळलेलं. वर दंडापर्यंत डागल्याचे व्रण, काही जुने, एक ताजा. बायकांनी पाहिलं आणि पदर सारखे केले. मायनेही पाहिलं.

रात्री मी विचारलं, "वहिनी, तुम्ही मले काऊन नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "तुम्हाले ते भेत होते, शांताबाई. तुमच्या हातात पाना होता. माह्या हातात त्यायचंच लेकरू राहे."

दादा, तू बदलला नव्हतास रे! तू फक्त माणूस बदललास. मग ज्याने तुला मारलं, त्याच्यावर मी कोणत्या तोंडाने ओरडू? तरी ओरडते. तरी तुझ्यासाठी रडू येतं. मला पाठीवर घेऊन नदी पार करणारा तूच होतास ना? याचं मी काय करू, सांग!

माय म्हणते, वहिनीने वर्षभर याच घराच्या आत राहायचं. आपला धाकटा काका आत्तापासूनच तिच्यावर आवाज चढवू लागला आहे. काल त्याने दार आपटलं तर तुझी चिमी न रडता खाटेखाली जाऊन लपली. तीन वर्षांचं पोर, दादा. रडतसुद्धा नाही.

तेरवी झाली की सकाळच्या एस.टी.ने मी दोघींना जळगावला घेऊन जाणार आहे. तुझ्या भाऊजींना सांगितलंय, विचारलेलं नाही. काका आडवा आला तर त्याच्याशी मी बघून घेईन. आणि चिमीला माझ्या घरात मोठ्याने रडता येईल, एवढा शब्द मी तुला देते.

तुझी,
शांता