मागाच्या खड्ड्यातलं पाणी

मंगळवार, ता. ७ जुलै १९३६. शहापूर

शेजारच्या आण्णाप्पाच्या न्हाणीचं पाणी परत आमच्या मागाच्या खड्ड्यात! सहावं वर्ष. पायाखालच्या पावड्या बुडल्या. सकाळी भरमू मागावर बसला, पाय खाली सोडले, तसेच वर घेतले. माझा लेक बोलत न्हाय तेव्हाच भ्या वाटतं.

सकाळभर उपसलं. दुपारी परत घोट्याएवढं.

सून मालू चार इयत्ता शिकलेली. तिनं मला अक्षरं शिकवली, तिचीच ही शाळेची वही. मागची पानं कोरी हायत. शिव्या द्यायला जागा झाली.

गुरुवार, ता. ९

भरमूच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मालू हळद-तेल लावते. चार महिने पाण्यात पाय सोडून पावडी दाबायची म्हणजे आणखी काय होणार?

वैशाखात त्यानं सोलापूरच्या गिरणीत अर्ज टाकलाय. तिथं उभ्यानं काम, पाय कोरडे, म्हणतो. उत्तर आलं की बायको-पोर घेऊन जाणार. मागावर गणपतीआधी द्यायचं लुगडं हाय, निम्मं झालंय. ते उतरवतो आणि माग उपटतो म्हणाला.

उपटतो म्हणे! माझ्या सासऱ्यानं गाडलेला माग.

मंगळवारी आणखी एक गोष्ट झाली. ती लिहिणार न्हाय. वही मालूच्या हाती पडते.

शनिवार, ता. ११

आण्णाप्पाच्या दारात जाऊन बोलून आले. सगळं बोलले. तो निवांत म्हणतो, "आक्का, आमचं परस तुमच्या अंगणापेक्षा हातभर खाली हाय. पाणी वर चढतंय व्हय?"

मी म्हटलं, ज्या उन्हाळ्यात तू न्हाणी बांधलीस त्याच पावसाळ्यात आमचा खड्डा भरला. त्याच्या आधी एक थेंब न्हवता. त्याची आई यल्लव्वा तांदूळ निवडत बसलेली. माझ्याच वयाची. हसली.

त्या उन्हाळ्यात मीबी काम काढलं होतं, पण ते शहाणपणाचं. अंगण सपाट केलं. पाजणीला उभ्या सुताचा ताणा लांबवर ताणून खळ लावायची, तर जमीन सरळ नको? मुरूम टाकला, धुमस मारून दाबला, घागरीनं पाणी ओतून बघितलं. कुठंच वळलं न्हाय. ओतलं तिथंच राहिलं. तेव्हापासनं सगळ्या गल्लीचे ताणे आमच्या अंगणात. असं अंगण शहापुरात दुसरं दाखवा.

सोमवार, ता. १३

सुचलं! मडक्यात किरमिजी रंग उरलाय. आण्णाप्पाच्या न्हाणीत ओतायचा. आमच्या खड्ड्यात लाल पाणी आलं की सगळ्या गल्लीसमोर त्याला विचारते.

मंगळवार, ता. १४

गल्ली बोलावली. परशराम गवंडीबी आला. खड्डा उपसून कोरडा केला, न्हाणीत रंग ओतला, बसलो. पाऊस भुरभुर चालूच.

पाणी चढलं. स्वच्छ. तांब्यात घेतलं असतं तर प्यालं असतं कुणी.

यल्लव्वा म्हणाली, "निम्मा रंग उरलाय न्हवं? तुझ्या अंगणात टाक की."

टाकला. न टाकून सांगते कुणाला? दिवेलागणीला आमच्याच भिंतीखालनं लाल धार आली, खड्ड्यात उतरली. एकेक जण उठून गेला. यल्लव्वा हसलीबी न्हाय. हसली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, ता. १५

खड्ड्यातलं पाणी अजून लाल. दाढ दुखतीय असं सांगून जेवले न्हाय.

शुक्रवार, ता. १७

परशरामानं दोरी लावून अंगण बघितलं. म्हणाला, आज्जी, तुम्ही पाण्याला जायला वाटच ठेवली न्हाय, ते जाईल कुठं? भिंतीत.

भिंतीकडं मुरूम चढवायचा, तिथनं बाहेर उतार द्यायचा. उताराच्या खाली चर, तळाला दगड आणि फुटकी कौलं. एवढं केलं की खड्डा कोरडा. पण उतार दिला की पाजणी गेली. आणि चराचं तोंड काढायचं कुठं? गल्ली उंच. खाली एकच जागा, आण्णाप्पाचं परस. तिथनं पुढं ओढ्याला जाईल.

"तू विचार त्याला," म्हटलं.

"अंगण कुणाचं?" म्हणाला, आणि पान खात उभा राहिला. मेला.

रविवार, ता. १९

दोन दिवस उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले. आज गेले.

यल्लव्वानं पाट सरकवला. "बा, कूड," कानडीत म्हणाली. बसले. माफी मागितली न्हाय, ते मला येत न्हाय. एवढंच म्हटलं की लेक निघालाय माझा.

ती तांदूळ निवडत राहिली. सगळं सूप निवडून झालं, मग आण्णाप्पाला हाक मारली. "केळींच्या कडेनं जाऊ दे त्यांचं पाणी. केळींना तहान हाय."

ह्या पावसात केळींना कसली तहान! पण तिला तसं म्हणायचं होतं. म्हणू दिलं.

गुरुवार, ता. २३. नागपंचमी

आज भुईत कुदळ घालायची न्हाय. सात-आठ हात चर उरलाय आणि आभाळ काळं. परशराम कुदळ टेकवून गेला.

भरमू आपणहून फुटकी कौलं निवडून चराच्या कडेला लावत होता. म्हणाला, "ह्याला खणणं म्हणत न्हायत न्हवं, आई?" किती दिवसांनी चेष्टा केली त्यानं.

रविवार, ता. २६

चर झाला. कालपासनं धो धो. पाणी उतारावरनं वळलं, चरात पडलं, केळींकडनं गेलं. मी छत्री न घेता बघत उभी. मालू ओरडली.

नातीनं पाण्यात सुताची कांडी सोडली. थोड्या वेळानं पलीकडनं यल्लव्वाची हाक, तुमचं पाणी आलं गं, कांडी घेऊन आलं!

खड्ड्यात हात घातला. तळाला ओल हाय. पाणी न्हाय.

बुधवार, ता. २९

पाजणी परत बोळात मारुतीच्या देवळापाशी. गल्लीतले कुरकुरतात. अंगणात माझाच पाय दोनदा घसरला.

भरमूनं आज खाली न बघता पाय सोडले. मागावरच्या धोट्याचा आवाज दुपारपर्यंत थांबला न्हाय.

शनिवार, ता. १ ऑगस्ट

गिरणीचं पत्र आज भरमूला दिलं. त्या मंगळवारी, ७ जुलैलाच आलतं. पोष्टमनच्या हातनं मी घेतलं, फोडलं, अक्षर अक्षर लावून वाचलं. जागा हाय, दहा ऑगस्टच्या आत हजर व्हा. तेव्हापासनं तांदळाच्या डब्यात होतं.

त्यानं वरचा तारखेचा शिक्का बघितला. मग मला बघितलं. मी नजर काढली न्हाय.

म्हटलं, आधी मागावर बस. पाय खाली सोड. तळ कसा लागतोय बघ. मग लिही. मालूनं सांगायचं न्हाय, मी सांगायचं न्हाय. उत्तर तूच द्यायचं.