जाय आपल्या घरी

राजापेठ, अमरावती

बाबा,
तुमाले अन् आईले तुमच्या मायाचा मनापासून जय भीम.

गळ्याच्या ऑपरेशनपासून फोनवर मी एकटीच बोलते अन् तुमचा नुसता श्वास ऐकू येते, म्हणून पत्र लिहून राहिली. माही तब्येत चांगली आहे. तलाठी परीक्षेचा अभ्यास जोरात आहे. डबा बरा असते, भाकर मातर आईसारखी नाही.

काल सकाळी छत्री तलावाकडं फिराले गेली. धुकं असं, की पाणी कुठं संपते अन् आभाळ कुठं लागते, समजतच नव्हतं. त्या धुक्यातून एक रोही, इथले लोक त्याले नीलगाय म्हणतात, निघाला अन् दहा पावलांवर उभा राहिला. घोड्याएवढा, धुतलेल्या पाटीच्या रंगाचा. नाकातून वाफ निघून राहिली होती. मले भेव नाही वाटलं, आईले सांगजा.

पण तुमी आपल्या तुरीतून रोह्याले हाकलत होते ना, तसंच माह्या तोंडातून निघालं, "हाऽऽ रे राजा, जाय आपल्या घरी!"

फिरणारे लोक हासले. तिथं कुठं होती तूर! रोह्यानं कान टवकारले अन् हळूच झाडीत निघून गेला. मी मातर तिथंच उभी राहिली. बाबा, आवाज हुबेहूब तुमचा होता.

गळा दुखते का अजून? खरं सांगा. पाटीवर मोठं लिहत जा, आईले बारीक अक्षर दिसत नाही.

परीक्षा झाल्याशिवाय येऊ नको, असं तुमी लिहून देलं होतं. पण रविवारी येऊन राहिली मी. तुमीच तर आवाज देला.

तुमची पोरगी,
माया